मागून आणलेली बाग: फाल्गुन-चैत्रात गच्ची कशी लावायची

आमच्या गच्चीवर 43 कुंड्या आहेत. त्यातल्या सहा रोपांचे पैसे मोजल्याचं आठवतंय. बाकी सगळी बाग मागून आणलेली. त्यामुळे आमच्याकडे झाडाला नाव पडतं ते ज्यानं दिलं त्याच्यावरून. मिरजेचा मोगरा, खालच्या काकूंचा पानओवा, बँकेतली जास्वंद (बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीनं दिलेली). 'बँक सुकलीय, पाणी घाल' हे वाक्य आमच्या घरात कुणालाच विचित्र वाटत नाही.

दरवर्षी या दिवसांत कुणीतरी विचारतंच, बाग सुरू करायचीय, नर्सरी कुठली चांगली? नर्सरीत नंतर जा, आधी फोन उचल, असं माझं उत्तर असतं. फुकट मिळतं म्हणून नव्हे. माती, बादल्या आणि खत धरलं तर ही बाग तशी फुकट पडतही नाही. पण रोप देणाऱ्या माणसाकडे त्या रोपाची सगळी माहिती असते आणि ती तुमच्याच हवामानातली, बहुधा तुमच्याच पेठेतली असते.

खाली लिहिलंय ते पुण्यातल्या उन्हाच्या हिशेबानं. नागपूर-अकोल्याकडे ऊन लवकर तापतं, तिथं सगळं दोन-तीन आठवडे आधी उरका. कोकणात, गोव्यात हवा दमट असल्यानं फांद्या सुकत नाहीत, पण कुजतात. तिथं मातीत वाळू जास्त घाला.

कधी सुरू करायचं

साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत. रात्री अजून गार असतात, दुपारी ऊब आलेली असते आणि झाडांच्या अंगात रस चढायला लागलेला असतो. कॅलेंडरपेक्षा पिंपळाकडे बघा. त्याला तांबूस, चकचकीत पालवी दिसली की कात्री काढायची. गुढीपाडव्याच्या सुमारास ऊन चढलेलं असतं, तोवर कोवळ्या रोपांनी मूळ धरलेलं हवं. उशीर झालाच तर रडत बसू नका. मऊ फांद्या आणि वेलींच्या बिया चैत्रातही चालतात, कष्ट थोडे वाढतात इतकंच.

पहिलं काम: वही

एक वही घ्या, तीन रकाने पाडा. कोण, त्यांच्याकडे काय, आणि तिसऱ्यात त्या माणसाच्या बागेतलं तुम्हाला नेमकं काय आवडलं ते. तिसरा रकाना मला फार उशिरा सुचला. आधी माझी यादी किराणा सामानाच्या यादीसारखी असायची.

माझ्या वहीतली दोन पानं सांगते. 'ऑफिसातला मित्र. दोडका. सात-आठ वर्षं स्वतःचंच बी धरतो, एकदाही विकत आणलेलं नाही.' आणि 'आमचे वॉचमनकाका. गवती चहा, चवळी. तेलाच्या डब्यांत.' या काकांनी पाण्याच्या टाकीशेजारच्या हातभर जागेत पंधरा लिटरचे चार पत्र्याचे डबे मांडलेत. डब्यांना खिळ्यानं भोकं पाडलेली, खाली विटा, कडेला दोरीवर चढवलेली चवळी. रात्रपाळी संपली की सहाला चहाचा कप घेऊन ते त्या डब्यांपाशी उभे राहतात. जागा नाही, ऊन नाही असं रडगाणं मी दोन वर्षं गात होते. ते बंद झालं ते या डब्यांमुळे. ही गोष्ट मी त्यांना कधी बोलून दाखवली नव्हती. वहीत लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितली. ते म्हणाले, 'मॅडम, डबा घेऊन जा एक.'

यादी झाली की मागायला लागा. 'कुणाकडे काही रोपं आहेत का?' असा मेसेज ग्रुपवर टाकलात तर तीन अंगठे आणि एक गुड मॉर्निंग येईल. एकेकाला फोन करा आणि नेमकं मागा: 'दिवाळीत तुझ्याकडे ती तांबडी डबल जास्वंद पाहिली होती, अजून डोळ्यांपुढून जात नाही. छाटणी करशील तेव्हा एक फांदी ठेवशील का?' आपलं झाड कुणी इतकं लक्षात ठेवलंय म्हटल्यावर माणूस फांदीबरोबर चहालाही बोलावतो. मनीप्लांट म्हणे चोरून आणलेलाच लागतो. असेल. मला मागून आणलेला लागला.

जाताना ओलं फडकं किंवा वर्तमानपत्र आणि एक प्लास्टिकची पिशवी न्या. फांदी स्वतः कापू नका, त्यांना कापू द्या; कुठली फांदी दिली तर झाडाचं बिघडत नाही हे त्यांना ठाऊक असतं. आणि तिथंच तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: ऊन किती तास मिळतं, पाणी कितीदा, कीड कोणती येते. शक्यतो सकाळी जा. दुपारच्या उन्हात कापलेली फांदी घरी पोचेपर्यंत मान टाकते.

माती आणि बादल्या

फांद्या घरी यायच्या आधी हे तयार हवं. शिशिरातली पानगळ नुकतीच संपत आलेली असते, रस्त्याकडेला सुक्या पानांचे ढीग लागलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना सकाळी काडी लावली जाते. झाडणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर पोतं भरून पानं मिळतात. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा नागरिकांचा उपक्रम आहे. तो ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना हवीत, त्यांची गाठ घालून देतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी पालापाचोळ्यातून माती तयार करायची कल्पना महाराष्ट्रात रुजवली. शिवाय एकानं केलेला प्रयोग दुसऱ्याला सांगायचा, त्यानं तो करून पुढच्याला सांगायचा, अशी त्यांची रीत होती. आपण फांदीबरोबर तेच मागतोय.

मिश्रण माझं असं: दोन घमेली माती, दोन घमेली कुजलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत, एक घमेलं भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि वीस लिटरच्या बादलीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा. गोळा व्हायला हवा आणि बोटानं टोचल्यावर फुटायला हवा. चिखल झाला तर कोकोपीट वाढवा.

पालेभाजीला सहा-आठ इंच खोली पुरते, भेंडी-वांगी-मिरचीला फूटभर, वेलींना रंगाची वीस लिटरची बादली. बुडाला चार-पाच भोकं पाडा. ओल्या मातीनं भरलेली अशी बादली तीस किलोच्या आसपास भरते, म्हणून बादल्या गच्चीच्या मधोमध न मांडता भिंतीच्या कडेनं, खाली तुळई असेल तिथं मांडा. आणि खाली विटा द्या, पाणी साचून वॉटरप्रूफिंग खराब झालं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये बागेचं काय होतं ते मी पाहिलंय.

होळीची राख घरात आणायची पद्धत अनेकांकडे आहे. शुद्ध लाकूड-गोवऱ्यांची असेल तर कुंडीला चिमूट-दोन चिमूट पुरे, जास्त टाकलीत तर माती खारवट होते. रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवूड जाळलेल्या होळीची राख अजिबात आणू नका.

फांद्या लावणं

जास्वंदीवर हात बसवा. ती माफ करते.

पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, अगदी हिरवी नको, अगदी खरबरीत तपकिरीही नको. सहा ते आठ इंच. खालचा काप डोळ्याच्या (म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली आणि तिरका, वरचा काप सरळ. तिरका-सरळ अशासाठी की नंतर कुठली बाजू खाली हे विसरायला होत नाही. हसू नका, उलटी लावलेली फांदी मी महिनाभर सांभाळली आहे. खालची सगळी पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही कात्रीनं अर्धी करा. मुळं नसलेल्या फांदीला पूर्ण पानांचं पाणी पुरवता येत नाही. कळी असेल तर तोडा. जीवावर येतं, पण तोडा.

अर्धी धुतलेली वाळू आणि अर्धं कोकोपीट छोट्या कुंडीत भरून ओलं करा. काडीनं आधी भोक पाडा, मग फांदी दोन डोळे मातीत जातील इतकी खोचा आणि बाजूनं दाबा. वर पाण्याची बाटली बूड कापून पालथी घाला, झाकण काढून ठेवा. सावलीत, पण उजेडात. कोरफडीचा गर लावा, दालचिनी लावा असं सांगणारे भेटतील. मी लावून पाहिलं, न लावून पाहिलं, मला फरक दिसला नाही. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. मध्येच नवी पानं फुटली म्हणून नाचू नका, फांदी साठवलेल्या रसावरही पानं काढते. हळूच ओढल्यावर ती धरून राहिली, तर मुळं आली समजा.

आणि हे महत्त्वाचं: प्रत्येक वाणाच्या किमान तीन फांद्या लावा. एक तुमची, एक मरायला, एक परत द्यायला.

बाकीच्यांचं थोडक्यात. पानओवा आणि पुदिना पाण्याच्या ग्लासात ठेवले तरी आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. गवती चहाचा ठोंब मुळांसकट फोडून घ्यायचा, पाती वीतभर ठेवून कापायची. कोरफडीचं पिल्लू काढल्यावर दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, जखम बंद झाल्यावर लावा. शेवंतीची फुलं आटोपलेली असतात, तिच्या बुडाशी आलेले फुटवे आत्ता वेगळे होतात. कढीपत्त्याच्या मोठ्या झाडाभोवती मुळांतून पिल्लं येतात, ती खणून मागा. फांदीतून तो क्वचितच लागतो. शेवगा आणि इतर जाड लाकडाच्या फांद्यांना पावसाचं तोंड बघू द्या.

ब्रह्मकमळाचं पान कुणी देत असेल तर नाही म्हणू नका. घरोघरी असतं ते हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे, मेक्सिकोकडचं निवडुंग आहे आणि ज्याला पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड. म्हणून तर त्यातून झाड होतं. वीतभर तुकडा दोन दिवस सुकवून दोन इंच मातीत खोचा. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. पावसाळ्यात एका रात्री फुलतं आणि सकाळी मान टाकतं, त्यामुळे ज्यानं दिलं त्याला रात्री दहाला फोन करून 'ये' म्हणायचा हक्क मिळतो.

मोगऱ्याला दाब कलम सोपं. जमिनीलगतची लांब फांदी वाकवायची, मध्ये डोळ्याखाली सालीला छोटा छेद द्यायचा, तो भाग शेजारच्या कुंडीत दोन इंच मातीत दाबायचा आणि वर वीट ठेवायची. फांदी आईपासून तुटलेली नसते, त्यामुळे मरायची भीती कमी. उन्हाळ्यात माती सुकू द्यायची नाही. अडीच-तीन महिने धीर धरायचा. जुन्या मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत करून, पानं ओरबाडून खत-पाणी दिलं, तर महिना-दीड महिन्यात कळ्या दिसतात.

पंधरा दिवस वेगळं ठेवा

यावर मी भाषण देऊ शकते. चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीनं पिवळ्या जास्वंदीचं भरलेलं रोप दिलं. इतकं सुंदर की आणलं ते थेट बाकीच्या जास्वंदींच्या मध्ये ठेवलं. आठवड्यानं पानांच्या बेचक्यांत कापसाचे बारीक ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण. महिन्याभरात चार जास्वंदी, वांगी, अगदी तुळससुद्धा चिकट झाली, मुंग्यांच्या रांगा लागल्या. मैत्रिणीला सांगावं का, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं. तिच्याकडेही तेच झालं होतं आणि तीही माझ्याशी बोलायला बिचकत होती. मग दोघींनी एकाच दिवशी फवारणी केली आणि संध्याकाळी फोनवर हिशेब जुळवला.

तेव्हा नवं रोप कितीही जिवाभावाच्या माणसाकडून आलेलं असो, पंधरा दिवस बाजूला. पानांची पाठ बघा, बेचके बघा. कीड दिसलीच तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा, मग कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून पुसा. त्यानंतर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार-पाच थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारा. दर आठवड्याला, तीनदा तरी. आणि तुम्ही कुणाला रोप द्याल तेव्हा हे सगळं आधी स्वतः तपासा.

बिया

मागून आणलेल्या बियांना पहिला प्रश्न: गावरान आहे की संकरित? संकरित वाणाचं धरलेलं बी पुढच्या वर्षी आईसारखं निघेलच असं नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. बियाणे बँकांत बऱ्याच ठिकाणी नियम असतो, न्याल त्याच्या दुप्पट परत द्या. मित्रांतही हाच नियम ठेवा, भांडणं होत नाहीत.

दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवा. सात-आठ फुटल्या तर उत्तम, चार फुटल्या तर दुप्पट पेरा. भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, दुधी, मायाळू हे सगळं आत्ता चालतं. दोडका-कारल्याचं कवच कठीण, रात्रभर भिजवा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीनपट खोल, याहून खाली नको.

मित्राच्या दोडक्यानं मला दोन वर्षं फक्त पानं दाखवली. फुलं यायची, गळायची. मी सकाळी सातला ब्रश घेऊन परागीभवन करायला जायची आणि फुलं मिटलेली असायची. त्याला विचारलं तर तो पोट धरून हसला. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची सकाळी. दोडक्याचं मादी फूल ओळखायचं ते पाठीमागच्या बोटभर इवल्या दोडक्यावरून. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. परागाची पिवळी पूड चिकटलेली डोळ्यांना दिसते. तीन दिवसांनी तो इवला दोडका फुगायला लागला तर जमलं, पिवळा पडून गळला तर पुन्हा. संध्याकाळचं काम असल्यानं आता चहा गच्चीवरच होतो.

दुधी किंवा दोडका शिजवण्याआधी कच्चा कण जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका, अख्खा फेका आणि त्याचं बी धरू नका. कडू दुधी खाऊन, विशेषतः त्याचा रस पिऊन, माणसं आजारी पडतात. कुणी प्रेमानं दिलाय म्हणून पोटात ढकलू नका.

एप्रिल, म्हणजे खरी परीक्षा

पाणी सकाळी आठच्या आत. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर घालू नका. मातीवर दोन इंच सुक्या पानांचं आच्छादन. वरून पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट, निदान पश्चिमेच्या बाजूला. मोठ्या बादलीत छोटं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरलं की ओल झिरपत राहते.

या दिवसांत हुरूप टिकवणं कठीण असतं. फुलं नाहीत, फळं नाहीत, नुसतं पाणी उचलणं. आम्ही चौघीजणींनी आलटून पालटून एकमेकींच्या गच्चीवर रविवारी सकाळी जायचं ठरवलं, फक्त अर्धा तास. आपल्याला जे रोज बघून दिसत नाही ते दुसऱ्याला लगेच दिसतं. माझ्या मिरचीला बोकड्या (पानं आकसून वळतात तो रोग) आलाय हे मला कळलंच नव्हतं. वाईट फोटोही पाठवायचे, हा आमचा नियम आहे. नुसते फुलांचे फोटो बघून माणसाला स्वतःची बाग लाजिरवाणी वाटायला लागते.

मे महिन्यात सगळेच गावाला जातात, तेव्हा किल्लीची अदलाबदल आत्ताच ठरवा. जाण्याआधी कुंड्या सावलीच्या बाजूला एकत्र करा, जास्त पाणी लागणाऱ्या एकीकडे, कोरफड-ब्रह्मकमळासारख्या दुसरीकडे. चिठ्ठीत 'रोज पाणी' असं लिहू नका, 'बादलीला दोन तांबे' असं लिहा. आणि शेवटी, 'भेंडी तयार होईल ती तुझी' हे जरूर लिहा. भेंडी दोन दिवस न तोडल्यास जून होते आणि वेगळ्या आभाराची गरजही उरत नाही.

परत देणं

तिसरी फांदी आठवतेय ना? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर मी ही रोपं देते. (सगळ्यांनाच बोलावते, कुंकू लावायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. पन्हं सगळ्यांना.) दही-श्रीखंडाचे डबे, बुडाला भोक, मुळं धरलेली रोपं. डब्यावर झाडाचं नाव, ते मुळात कुणाकडून आलं, आणि ऊन-पाण्याची एक ओळ. काकूंचा पानओवा आता अशा नऊ घरांत आहे. काकू प्रत्येक घराची भजी खाऊन आल्यात.

असं फिरतं रोप कामाला येतं ते वेगळ्याच वेळी. मिरजेच्या मैत्रिणीनं घर बदललं, सामानाच्या टेम्पोत मूळ मोगरा उन्हानं वाळून गेला. आता तिच्या मोगऱ्याचं शिल्लक आहे ते माझ्याकडचंच रोप, आणि त्याची एक फांदी तिच्यासाठी माझ्या कुंडीतून शेजारच्या कुंडीत वाकवून विटेखाली दाबलेली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दाबली. दर दोन दिवसांनी तिचा फोन येतो, मुळं फुटली का, जरा वीट उचलून बघ ना. वीट उचलायची नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं.